एका माणसामागे किती दिवे? देशादेशांच्या ऊर्जावापराची तुलना कशी वाचावी

ऊर्जेच्या वापरात भारत जगात तिसरा आहे; त्याच्या पुढे फक्त चीन आणि अमेरिका आहेत. एका भारतीयाच्या वाट्याला येणारी ऊर्जा मात्र जागतिक सरासरीच्या जेमतेम एक तृतीयांश आहे. ही दोन्ही विधाने खरी असून ती आलटून पालटून बातम्यांत येतात. पहिले वाचणाऱ्याला भारत पृथ्वीची साधने ओरपतो आहे असे वाटते आणि दुसरे वाचणाऱ्याला भारतीय माणूस फार काटकसरी आहे असे वाटते. हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. आकडे चुकलेले नसतात, पण ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून काढले होते हे बातमीत सहसा लिहिलेले नसते.

३० मे २०२४ रोजी भारताची विजेची कमाल मागणी सुमारे २५० गिगावॅटपर्यंत पोहोचली. तो त्या वेळचा विक्रम होता आणि त्याचे मथळेही तसेच मोठे होते. हाच आकडा सुमारे १४४ कोटी लोकांत वाटला तर त्या विक्रमी क्षणी माणशी पावणेदोनशे वॅट भरतात. शंभर वॅटचे दोन पिवळे बल्बही त्यात लागत नाहीत, आणि तेवढ्यातच प्रत्येकाच्या वाटचे कारखाने, रेल्वे, शेतीपंप आणि पंखे चालले होते.

आधी मोजमाप समजून घेऊ

वॅट म्हणजे ऊर्जा वापरण्याचा वेग आणि युनिट म्हणजे वापरलेल्या ऊर्जेची रक्कम. नळाची धार आणि भरलेली बादली यांत जो फरक आहे तोच इथे आहे. शंभर वॅटचा बल्ब दहा तास जळला की एक युनिट होते, आणि वीजबिलावर लिहिलेले युनिट ते हेच. तोच बल्ब वर्षभर अहोरात्र जळत राहिला तर ८७६ युनिटे होतात.

देशांची तुलना करणारे अहवाल मात्र टन तेल, जूल, उष्मांक, युनिट अशी नाना मापे वापरतात आणि सामान्य वाचक तिथेच थांबतो. म्हणून या लेखात एकच घरगुती माप वापरू: अहोरात्र जळणारा शंभर वॅटचा बल्ब. ते निवडण्याला कारण आहे. माणूस दिवसाला दोन-सव्वादोन हजार उष्मांकांचे अन्न खातो, आणि ते चोवीस तासांवर पसरले तर सरासरी शंभर वॅटच येतात. म्हणजे आपले शरीर स्वतःच असा एक दिवा आहे.

आता कोळसा, तेल, वायू, पाणी, अणुऊर्जा, सूर्य, वारा असे सगळे धरून एका भारतीयामागे असे आठ ते दहा दिवे जळतात. जगाची सरासरी पंचवीसच्या आसपास आहे, चीनमध्ये अडतीसच्या आसपास आणि अमेरिकेत जवळजवळ नव्वद. बांगलादेशात ही संख्या चारच्याही खाली आहे. वेगळ्या शब्दांत सांगायचे तर सरासरी अमेरिकी माणसाच्या दिमतीला नव्वद अदृश्य देह राबतात आणि आपल्या दिमतीला नऊ.

हे सारे दिवे विजेचे नाहीत हे लक्षात ठेवले पाहिजे. जगात लोकांपर्यंत पोहोचणाऱ्या ऊर्जेत विजेचा वाटा सुमारे एक पंचमांशच आहे. बाकीची ऊर्जा वाहनांच्या टाकीत, कारखान्यांच्या भट्टीत आणि स्वयंपाकाच्या शेगडीत जळते. त्यामुळे वीजवापराची तुलना ही ऊर्जावापराची तुलना समजणे ही पहिली चूक आहे, आणि ती वर्तमानपत्रांत सर्रास होते.

एकूण आकडा महत्त्वाचा की दरडोई?

दरडोई आकडा काढला की एक आक्षेप हमखास येतो: ‘लोकसंख्या वाढवली तुम्ही, मग भागाकाराचा फायदा तुम्हाला का?’ हा आक्षेप तडकाफडकी झटकून टाकण्यासारखा नाही. हवेत किती कार्बन डायऑक्साइड गेला हे हवेला माणशी हिशेबाने कळत नाही. तापमानवाढ मोजायची असेल तर एकूण बेरीजच पाहावी लागते आणि त्या बेरजेत भारताची भर आता लहान राहिलेली नाही.

परंतु ‘कोणाला किती कपात शक्य आहे’ किंवा ‘कोणाचे राहणीमान कसे आहे’ हा प्रश्न असेल तर एकूण आकडा निरुपयोगी ठरतो, कारण तो मुळात देशाच्या सीमा कुठे आखल्या आहेत यावर अवलंबून असतो. उद्या भारताचे प्रत्येक राज्य वेगळा देश म्हणून मोजले, तर एकाही माणसाचा वापर न बदलता तिसऱ्या क्रमांकाचा हा देश यादीच्या शिखरावरून नाहीसा होईल. उलट कतारसारख्या छोट्या देशात माणशी वापर अमेरिकेच्याही दुपटीहून जास्त आहे, तरी एकूण आकड्यांच्या यादीत तो कुठे दिसतही नाही. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा सुमारे १८ टक्के आहे आणि ऊर्जावापरात ६ टक्क्यांच्या आसपास. अमेरिकेचा लोकसंख्येतला वाटा ४ टक्क्यांहून थोडा जास्त आणि ऊर्जावापरात १५ टक्क्यांच्या आसपास. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय क्रमांकाला अर्थ येत नाही.

सिल्वासा आणि आइसलँड

दरडोई आकडाही वाटतो तितका निरागस नसतो. त्यासाठी आइसलँडपर्यंत जाण्याआधी पालघर जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या दादरा आणि नगर हवेलीत जाऊ. २०२० मध्ये दमण-दीवमध्ये विलीन होण्यापूर्वी या केंद्रशासित प्रदेशाचा दरडोई वीजवापर वर्षाला दहा हजार युनिटांच्या पुढे होता. देशाची सरासरी तेव्हा बाराशेच्या आसपास होती. आकडा खरा मानून चालायचे तर तिथला आदिवासी शेतकरी जर्मन नागरिकाहून जास्त वीज वापरत होता.

अर्थात तसे काही नव्हते. करसवलतींमुळे सिल्वासाच्या परिसरात धागे, प्लास्टिक आणि धातूंचे कारखाने उभे राहिले आणि त्यांची वीज तिथल्या साडेतीन लाखांच्या आसपासच्या लोकसंख्येत भागली गेली. त्या कारखान्यांतला माल सुरत, मुंबई, दिल्लीतल्या लोकांनी वापरला. वारली पाड्यावरच्या घराचे मीटर त्या सरासरीच्या जवळपासही गेले नाही.

आइसलँडची गोष्ट हुबेहूब अशीच आहे, आणि योगायोगाने लोकसंख्याही जवळपास तितकीच. तिथला दरडोई वीजवापर वर्षाला पन्नास हजार युनिटांच्या वर, म्हणजे जगात सर्वाधिक आहे. एक किलो ॲल्युमिनियम बनवायला सुमारे चौदा-पंधरा युनिटे वीज लागते. जलविद्युत आणि भूगर्भातील उष्णतेपासून मिळणारी वीज स्वस्त असल्यामुळे मोठ्या कंपन्यांनी तिथे कारखाने उभारले. कच्चा माल जहाजाने बाहेरून येतो, धातू जहाजाने बाहेर जातो आणि मधल्या मध्ये देशाची बहुतांश वीज खर्च होते. त्या धातूचे दारे-खिडक्यांचे सांगाडे आणि मोटारींचे भाग इतर देशांत वापरले जातात, पण ऊर्जेचा हिशेब आइसलँडच्या नावावर लागतो.

म्हणून अभ्यासक दोन वेगळे हिशेब मांडतात. पहिल्यात ऊर्जा कोणत्या देशाच्या हद्दीत जळली ते पाहतात; दुसऱ्यात तयार वस्तू शेवटी कोणी वापरली ते. दुसऱ्या हिशेबाने चीनचा आकडा उतरतो, कारण त्याचा बराच माल परदेशी जातो. उलट स्वित्झर्लंडसारखा देश स्वतःच्या हद्दीत स्वच्छ दिसतो, पण आयात वस्तूंमागचे कार्बन उत्सर्जन मिळवले की त्याचा आकडा दुपटीहून अधिक होतो. भारताच्या आकड्यात या बदलाने फारसा फरक पडत नाही. तो थोडा कमी होतो. ‘आमचा माल गरीब देशांनी बनवला म्हणून त्यांचा वापर जास्त’ हे स्पष्टीकरण चीनला काही प्रमाणात लागू पडते, भारताला त्याचा आधार फारसा घेता येत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे.

चुलीवरची भाकरी आणि कोयनेचे युनिट

या विषयातला सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा की ऊर्जा नेमकी कुठे मोजायची. खाणीतून निघालेला कोळसा मोजला तर त्याला प्राथमिक ऊर्जा म्हणतात आणि घरात आलेली वीज मोजली तर अंतिम ऊर्जा. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच विजेच्या रूपात बाहेर पडते. बाकीची उष्णता शीतकरण मनोऱ्यांतून आणि धुरांड्यातून निघून जाते. वडिलांनी पाठवलेल्या शंभर रुपयांपैकी मुलाच्या हाती पस्तीस पडावेत तसे हे आहे. खर्च शंभर लिहायचा की पस्तीस, हे हिशेब कोणाच्या वहीत आहे त्यावर ठरते.

पण पाण्यावर किंवा अणूवर चालणाऱ्या केंद्राचे काय? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पद्धतीत अणुवीज केंद्राची कार्यक्षमता ३३ टक्के गृहीत धरतात, त्यामुळे तारापूरचे एक युनिट हिशेबात तीन युनिटे प्राथमिक ऊर्जा म्हणून चढते. कोयनेचे एक युनिट मात्र एकच राहते. भूगर्भातील उष्णतेपासून बनवलेल्या विजेची कार्यक्षमता दहा टक्के धरली जाते, म्हणून आइसलँडमधले असे एक युनिट दहा होऊन बसते. दिवा तिन्हींनी सारखाच लागतो. दुसऱ्या एका पद्धतीत ‘हीच वीज कोळशावर केली असती तर किती कोळसा लागला असता’ असा विचार करून जलविद्युतही सुमारे अडीचपट-तिप्पट करून मांडतात. मग नॉर्वेसारख्या जवळपास सगळी वीज पाण्यावर करणाऱ्या देशाचा आकडा कोणती पद्धत वापरली यावर मोठ्या प्रमाणात वर-खाली होतो, आणि दोन अहवालांतील आकडे जुळत नाहीत म्हणून वाचक गोंधळतो.

आता चुलीकडे येऊ. लाकूडफाटा, गोवऱ्या, तुराट्या हे सरपण बाजारातून विकत आलेले नसते, म्हणून कित्येक आंतरराष्ट्रीय तक्त्यांत ते धरलेच जात नाही. ज्या तक्त्यांत धरतात तिथे वेगळेच कोडे उभे राहते. साध्या तीन दगडांच्या किंवा मातीच्या चुलीत लाकडातल्या उष्णतेपैकी दहा-पंधरा टक्केच भांड्यापर्यंत पोहोचते आणि गॅसच्या शेगडीत साठ टक्क्यांहून अधिक. त्यामुळे एक किलो गॅसचे काम करायला दहा किलोंहून जास्त लाकूड जाळावे लागते. एखाद्या घरात चूल जाऊन गॅस आला की सरपण धरणाऱ्या तक्त्यात त्या घराचा ऊर्जावापर घटतो आणि सरपण न धरणाऱ्या तक्त्यात तोच वापर वाढतो. त्या घरातल्या बाईचे सरपणासाठी रानात जाणारे तास वाचले आणि छातीत जाणारा धूर थांबला, हे मात्र दोन्ही तक्त्यांत कुठेच उमटत नाही. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत कोट्यवधी जोडण्या दिल्या गेल्या, तेव्हा भारताच्या ऊर्जावापराच्या आलेखावर त्याचे नेमके काय झाले हे कोणता अहवाल उघडता त्यावर ठरते. महागड्या सिलिंडरमुळे यांतली कितीतरी घरे चुलीकडे परतली किंवा दोन्ही वापरत राहिली, ही गुंतागुंत वेगळीच.

हेच पुढे विजेवरच्या गाड्यांना आणि सौरऊर्जेला लागू होते. पेट्रोलच्या इंजिनात तीन चतुर्थांशाहून जास्त ऊर्जा उष्णतेत जाते, विजेच्या मोटारीत फार थोडी. त्यामुळे येत्या काळात एखाद्या देशाचा प्राथमिक ऊर्जावापर घसरला तर तिथले लोक कमी प्रवास करू लागले असा अर्थ काढता येणार नाही.

‘श्रीमंत देश जास्त वापरतात, पण जास्त कमावतातही’

हा युक्तिवाद मांडणारे ऊर्जेला देशाच्या एकूण उत्पन्नाने भागतात आणि दर रुपयामागे किंवा डॉलरमागे किती ऊर्जा लागली ते दाखवतात. त्यात भारत फार उधळा दिसतो. पण डॉलरमध्ये उत्पन्न बदलताना कोणता दर लावला ते पाहावे लागते. न्यूयॉर्कमध्ये केस कापायला पंचवीस-तीस डॉलर पडतात, आपल्याकडे शंभर-दीडशे रुपये. काम तेच, न्हाव्याचे कौशल्य तेच आणि ऊर्जाही जवळपास तीच. बाजारातल्या विनिमय दराने मोजले तर आपल्या न्हाव्याचे उत्पादन क्षुल्लक ठरते. स्थानिक किमती लक्षात घेऊन हिशेब केला, ज्याला क्रयशक्तीची समता म्हणतात, तर भारताचे राष्ट्रीय उत्पन्न सुमारे चौपट दिसते आणि उत्पन्नामागचा ऊर्जावापर जागतिक सरासरीच्या आसपास येतो. ‘भारत अकार्यक्षम आहे’ असे सांगणाऱ्याला म्हणूनच पहिल्यांदा डॉलरचा दर विचारावा.

उभारणीच्या काळातला खर्च

ऊर्जेसोबत दगड, वाळू, सिमेंट, पोलाद यांचाही हिशेब असतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानुसार १९७० साली जगात वर्षाला सुमारे ३० अब्ज टन साधनसामग्री पृथ्वीतून काढली जात होती. आता हा आकडा १०० अब्ज टनांच्या पुढे गेला आहे, आणि श्रीमंत देशांतला माणूस गरीब देशांतल्या माणसाच्या सहापट सामग्री वापरतो.

इथे नवे घर बांधणारे कुटुंब आणि वाडवडिलांच्या वाड्यात राहणारे कुटुंब यांची तुलना डोळ्यांसमोर आणावी. या वर्षीची सिमेंटची पोती मोजली तर पहिले कुटुंब उधळे ठरते आणि दुसरे साधे. चीनने २०११ ते २०१३ या तीन वर्षांत जेवढे सिमेंट वापरले तेवढे अमेरिकेने अख्ख्या विसाव्या शतकात वापरले नव्हते. ते ऐकून धक्का बसतो, पण अमेरिकेचे महामार्ग, धरणे आणि शहरे त्याआधीच उभी होती, शिवाय चीनची लोकसंख्या चौपटीहून अधिक आहे. भारतात पोलादाचा वापर माणशी वर्षाला शंभर किलोंच्या आसपास आहे आणि जगाची सरासरी त्याच्या दुप्पट. आपला वाडा अजून बांधायचा आहे, त्यामुळे पुढची काही दशके आपले आकडे वाढतच जाणार आहेत. ते वाढावेत का, हा प्रश्न नाही. ती वाढ कोळशावर होते की आणखी कशावर, हा प्रश्न आहे.

थंडी, उकाडा आणि न मोजलेली गरज

नॉर्वे किंवा कॅनडात घर गरम ठेवावे लागते, म्हणून तिथला जास्त वापर चैनीचा म्हणता येत नाही, हा आक्षेप योग्यच आहे. हवामानासाठी सूट द्यायलाच हवी. परंतु ती सूट उकाड्यालाही मिळाली पाहिजे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या चंद्रपुरात २९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. त्याची वीज राज्यभर जाते आणि त्याच शहरात पत्र्याच्या छताखाली पंख्याच्या गरम वाऱ्यात लोक रात्र काढतात. भारतात वातानुकूलन यंत्र दहापैकी साधारण एका घरात आहे. ऊर्जेचे तक्ते वापर मोजतात, गरज मोजत नाहीत. ज्याला थंडावा परवडत नाही त्याचा आकडा शून्य येतो, आणि तक्त्यात तो शून्य आणि स्वेच्छेने घेतलेला संयम एकसारखेच दिसतात. भारताचा कमी वापर ही आपल्या साध्या राहणीची पावती आहे असे कोणी अभिमानाने सांगू लागले की मला त्या पत्र्याच्या घरांची आठवण होते.

देशातल्या सरासरीतही हेच दडलेले असते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये भारताचा दरडोई वीजवापर सुमारे १४०० युनिटे होता. पण हा आकडा उपलब्ध असलेल्या एकूण विजेला लोकसंख्येने भागून काढतात. वाटेतली गळती, कारखाने, शेतीपंप सगळे त्यात येते. प्रत्यक्ष घरांत जाणारी वीज विकल्या गेलेल्या विजेच्या सुमारे चौथा भाग असते. आणि त्या चौथ्या भागातही मुंबईतला मोठा फ्लॅट आणि मेळघाटातले एका दिव्याचे घर एकाच सरासरीत बसतात.

मग पुरेशी ऊर्जा म्हणजे किती?

अमेरिकी अभ्यासक ॲलन पास्टर्नाक यांनी २००० साली साठ देशांचा वीजवापर आणि मानव विकास निर्देशांक शेजारी ठेवून पाहिले. दरडोई वापर शून्यापासून वाढू लागतो तेव्हा आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न झपाट्याने सुधारते. साधारण चार हजार युनिटांच्या आसपास ही चढण सपाट होते आणि पुढे वीज वाढली तरी जगणे त्या प्रमाणात सुधारत नाही. इटली आणि स्पेनमध्ये दरडोई वीजवापर अमेरिकेच्या निम्म्याहून कमी आहे, पण तिथले लोक अमेरिकी माणसापेक्षा काही वर्षे जास्तच जगतात. आपल्याकडे केरळचा दरडोई वीजवापर देशाच्या सरासरीपेक्षा कमी आहे, तरी तिथले आयुर्मान देशाच्या सरासरीहून बरेच वर आहे; दवाखाने, शाळा आणि पिण्याचे पाणी यांवर आधी खर्च केला तर थोड्या ऊर्जेतही पुष्कळ साधते, असे त्यातून दिसते. १९८५ साली भारताचे अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या ब्राझील, स्वीडन व अमेरिकेतील सहकाऱ्यांनी मांडले होते की कार्यक्षम साधने वापरली तर माणशी एक किलोवॅट, म्हणजे आपले दहा दिवे, मूलभूत गरजा भागवून वर बरेच काही देऊ शकतात. त्यांचे दहा दिवे अंतिम ऊर्जेचे होते आणि आपले आजचे नऊ-दहा प्राथमिक ऊर्जेचे, हा फरक या लेखाच्या वाचकाला आता खटकला पाहिजे.

‘पण सगळ्या भारतीयांना एवढी वीज द्यायची तर पृथ्वी पुरेल का?’ हा शेवटचा आक्षेप. दरडोई चार हजार युनिटे म्हणजे आजच्या सुमारे तिप्पट. सध्याच्या लोकसंख्येला ती द्यायची तर वर्षाला ५८०० अब्ज युनिटांच्या आसपास वीज लागेल. चीनने २०२४ मध्ये सुमारे १०,००० अब्ज युनिटे वीज तयार केली, आणि त्याची लोकसंख्या आपल्यापेक्षा थोडी कमी आहे.